दोन्ही बाजूंनी लिहिलेली वही

ईश्वरदास सोनकुसरे हे नाव तांडापेठेबाहेर फारसे कुणाला ठाऊक असण्याचे कारण नाही. अठ्ठावन्न साली तो एका प्राथमिक शाळेत मास्तर झाला. हजेरी घेताना तो प्रत्येक नावाला मान वर करून त्या मुलाकडे बघतो आणि मगच पुढचे नाव घेतो, त्यामुळे त्याच्या वर्गाची हजेरी सगळ्यात उशिरा संपते, एवढीच त्याची ख्याती. बाकी माणूस फार बुजरा. लग्नाच्या पंगतीत वाढणारा त्याचे पान सोडून पुढे गेला तरी हा हाक मारणार नाही, समोरचे मीठ चाटत बसेल. पण याच माणसाने कॉलेजच्या पहिल्या वर्षी एक गोष्ट केली. ती गल्लीतल्या भल्याभल्या बोलक्यांना जमली नसती.

ही गोष्ट त्रेपन्न-चोपन्न सालची. तांडापेठेत तेव्हा दारादारातून हातमागाची खटखट ऐकू यायची. मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला की खड्ड्यात पाय सोडून मागावर बसायचा, ही रीत. ईश्वरचा बाप बाबूलाल याने ती मोडली. स्वतः त्याला सहीसुद्धा येत नव्हती, पण पोरगा मॅट्रिक झाला त्या दिवशी त्याने घरातल्या दुसऱ्या मागाची लाकडे सोडवली, माळ्यावर टाकली आणि बायकोला म्हणाला, "रुख्मा, आता हा माग खाली उतरवाचा नाही."

जुलैत ईश्वर कॉलेजात जाऊ लागला. सकाळी डबा घेऊन निघायचा, गोळीबार चौकातून गांधीबागेला यायचा, तिथून लोखंडी पुलाखालून सीताबर्डीला. तासाभराची पायपीट. पहिल्या दिवशी तो संध्याकाळी परतला, तेव्हा बाबूलालने माग थांबवला. घरच्यांना हे नवीन होते. दिवसाउजेडी पाहुणा आला तरी बाबूलालचा धोटा मागावर इकडून तिकडे पळतच असायचा आणि तो विणता विणताच त्याची विचारपूस करायचा.

"काय झालं गा आज कालेजात?"

"काही नाही," ईश्वर म्हणाला.

"काही नाही कसं? दिवसभर तिथंच होता नं?"

"शिकवलं."

"काय शिकवलं?"

ईश्वरने तोंड उघडले आणि मिटले. डोक्यात सगळे होते. दगडी जिना होता, काळे कोट घातलेले प्रोफेसर होते, सायकलींची रांग होती. पण ते तोंडावाटे कसे काढायचे, हे त्याला लहानपणापासूनच उमगले नव्हते. बाबूलालने थोडा वेळ वाट पाहिली आणि पुन्हा धोटा हातात घेतला. दुसऱ्या दिवशी तसेच झाले. तिसऱ्या दिवशी शेजारचा भैयाजी उंबऱ्यावर बिडी ओढत बसला होता. दोन्ही घरांचे अंगण एकच, त्यामुळे या घरातले त्या घरात लपत नसे.

"बाबूलाल," भैयाजी म्हणाला, "तू पोट्ट्याले कालेजात घातलं का मौनी बाबाच्या मठात?"

बाबूलाल हसला नाही. ते रुख्माबाईने पाहिले. ती चरख्यावर कांड्या भरत होती. धोट्यात घालायच्या सुताच्या त्या नळ्या रोज शेकड्यांनी लागत. चाक न थांबवता ती म्हणाली, "ईश्वर, तुले बोलता येत नाही तं लिहून आणत जा. लिहिलेलं तं वाचता येते नं?"

ते त्याला येत होते. वाचताना शब्द समोर असतात, शोधावे लागत नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याने सीताबर्डीहून निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही आणली.

आता त्याच दिवशी वर्गात काय झाले ते सांगायला हवे. पहिल्या दिवशी वर्ग शोधता शोधता त्याला उशीर झाला होता, तेव्हा त्याला शेवटच्या बाकावर, एका जाड खांबामागे जागा मिळाली आणि पुढे तीच त्याची जागा ठरून गेली. इंग्रजीचे प्रोफेसर हरकरे नंबरांनी हजेरी घ्यायचे. ईश्वरचा नंबर एकोणसाठ. हरकरे मान खाली घालून भराभर नंबर म्हणायचे आणि पोरे 'प्रेझेंट सर' म्हणायची. एकोणसाठ आला की ईश्वरचा आवाज निघायचा नाही. नुसते ओठ हलायचे. हरकरेंना तो खांबामागे दिसायचाही नाही. चार दिवस तो वर्गात बसला आणि चारही दिवस त्याची गैरहजेरी लागली.

वहीचे पहिले पान उघडून तो हेच लिहायला बसला. 'आज हजेरीच्या वेळी माझा' एवढे लिहिले आणि त्याला बापाचा थांबलेला माग आठवला. एवढ्यासाठी माग थांबवायचा? त्याने ते पान फाडले. मग वही उलटी केली आणि मागच्या पानावर, जिथे कुणी बघणार नाही तिथे, खरे लिहिले. पुन्हा सुलटी केली आणि पुढच्या पानावर लिहिले, 'आज हजेरीच्या वेळी मी असा खणखणीत आवाज दिला की प्रोफेसर हरकरेंनी मान वर करून पाहिले.'

संध्याकाळी त्याने हे पुढचे पान वाचले. बाबूलालने माग थांबवला, रुख्माबाईने चरखा थांबवला. भैयाजीने उंबऱ्यावरून विचारले, "मंग तो काय म्हणाला, प्रोफेसर?"

ते लिहिलेले नव्हते. ईश्वरने पानाकडे पाहतच उत्तर दिले, "व्हेरी गुड म्हणाले."

बाबूलालने धोटा असा जोरात मारला की तो पलीकडे जाऊन पडला.

तेव्हापासून रोजचा नेम झाला. दिवेलागणीच्या आधी, उजेड असताना, ईश्वर दारातल्या चौरंगावर बसून वाचायचा. भैयाजीची मुलगी वच्छला कांड्या भरायला याच घरी येऊ लागली. आमचा चरखा करकर करतो, असे ती म्हणायची. तीही त्याच वर्षी मॅट्रिक झाली होती. चार घरांतली मिळून एकच मुलगी. आणि आता पुढे काय, हे तिला कुणी विचारत नव्हते. ती खाली मान घालून ऐकायची. कधी एखादा प्रश्न विचारायची. तो नेहमी वेगळाच असायचा.

"भाऊ, मुली कुठं बसतात?"

"समोरच्या बाकावर. प्रोफेसरसोबत येतात, प्रोफेसरसोबत जातात."

"किती हायेत?"

"नऊ."

वहीच्या पुढच्या बाजूला एक ईश्वर होता आणि मागच्या बाजूला दुसरा. पुढच्या बाजूचा ईश्वर वर्गात उभा राहून कवितेचा अर्थ सांगायचा. त्याच्या आईची अंबाडीची भाजी मित्र वाटून खायचे आणि रोज डब्याची वाट बघायचे. मागच्या बाजूचा ईश्वर जिन्यामागच्या पायरीवर एकटाच डबा खायचा. एकदा दोन मुलांनी त्याला विचारले होते, तुझ्या हाताला हा निळा रंग कसला? सुताचा, असे त्याने सांगितले. तेव्हापासून ते दोघे त्याला 'लुगडं' म्हणायचे. इंग्रजीच्या तासाला दहातली सात वाक्ये त्याला कळायची नाहीत. तेही मागे लिहिलेले होते. कोणती तीन कळली, तेही लिहिलेले होते.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी होती. हरकरे सर छत्रीशिवाय वर्गात येत नसत. पाऊस संपला, थंडी आली, तरी छत्री होतीच. ती ते फळ्याच्या खिळ्याला अडकवायचे आणि शिकवता शिकवता रंगात आले की खिळ्यावरून काढून हातात घ्यायचे आणि फळ्यापुढे फेऱ्या मारायचे. बाबूलालला हे फार आवडायचे.

"आज छत्री काढली का त्यानं?" तो विचारायचा.

"काढली."

"मंग आज चांगलं शिकवलं असन."

डिसेंबरात सहामाही परीक्षा झाली. मागच्या बाजूला त्याने लिहिले, 'इंग्रजी, शंभरात एकोणीस.' पुढच्या बाजूला लिहिले, 'इंग्रजी, शंभरात एकसष्ट.' त्या संध्याकाळी भैयाजीने गल्लीत बिड्या वाटल्या. हे बाबूलालला सुचायला हवे होते, पण तो मागावरून उठलाच नाही. तो खाली मान घालून नुसता विणत राहिला, आणि दुसऱ्या दिवशी रुख्माबाईला लुगड्याच्या काठात दोन चुका सापडल्या. तीस वर्षांत बाबूलालच्या काठात चूक सापडली नव्हती.

जानेवारीत ईश्वरच्या लक्षात आले की वहीच्या दोन्ही बाजूंची पाने एकमेकांजवळ आली आहेत. मधे कोरी पाने दहा-बाराच राहिली होती.

त्याच आठवड्यातली गोष्ट. गुरुवारी वाचन संपले आणि भैयाजी उठला नाही. त्याने बिडी उंबऱ्यावर विझवली.

"बाबूलाल, रविवारी उमरेडवाले येऊन राहिले. वच्छलेले पाहाले."

"येऊ दे नं. चांगलं घर हाय. चार माग हायेत त्यायचे."

"चांगलं हाय. पण मी त्यायले नाही म्हणतो." भैयाजी वच्छलाकडे न बघता बोलत होता. "आमच्या घरातच मॅट्रिक झालेली पोट्टी बसून हाय, अन् मी तिले कांड्या भराले लावतो. हा ईश्वर लहानपणी आपल्याच घरात शेंबडा फिरे. याले एकसष्ट मिळतात, तं इले पन्नास तं मिळतीन. जुलैमधे पाठवतो कालेजात."

बाबूलाल म्हणाला, "विचार कर गा. घरी आलेलं स्थळ परत येत नाही."

"विचार केला. सहा महिने हेच ऐकून राहिलो मी. रोज."

वच्छला कांडी भरतच होती. तिच्या चाकाची गती वाढली आणि सूत तुटले. ईश्वरला वाटले, आनंदाने तुटले.

शुक्रवारी कॉलेजच्या फळ्यावर यादी लागली. ज्यांची हजेरी कमी आहे त्यांना वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही, असे वर लिहिलेले होते. खाली सतरा नंबर होते. त्यात एकोणसाठ होता.

ईश्वर यादीसमोर बराच वेळ उभा राहिला. स्वतःचे काय होईल हा विचार त्याला नंतर आला. आधी डोळ्यांपुढे आली ती वच्छला. ती जुलैत येईल आणि कुणाला तरी विचारेल, मागच्या वर्षी या वर्गात कवितेचा अर्थ सांगणारा ईश्वरदास होता, तो कुठे बसायचा? आणि कुणालाच माहीत नसेल. ज्याच्या भरवशावर तिचा बाप स्थळ मोडणार होता, असा कुणी माणूसच या कॉलेजात नव्हता.

पण सांगितले तर भैयाजी तिला पाठवणार नाही. ईश्वरसारख्याची ही गत, तर पोरीची काय होईल, असेच तो म्हणणार. म्हणजे न सांगितले तर तिला फसवायचे, आणि सांगितले तर तिची वाट बंद करायची. लोखंडी पुलापासून तांडापेठेपर्यंत ईश्वर हेच उलटसुलट करत चालला. घरी आला तेव्हा एवढेच ठरले होते की रविवारच्या आधी सांगायचे. कसे सांगायचे, हे ठरत नव्हते. संध्याकाळी वही घेऊन तो चौरंगावर बसला आणि डोके दुखते असे सांगून उठला. त्याला कळले, दारात बसून हे जमणार नाही. दारातून माणूस उठून जाऊ शकतो. बाप उठून जाईल, नाहीतर तो स्वतःच पळेल.

शनिवारी बाबूलालची पाजणी होती.

मागावर चढवायच्या आधी ताण्याचे, म्हणजे लांबीचे, सूत खळीने पाजावे लागते. ऊन आणि वारा नसताना, पहाटेच गल्लीत ताणा पसरतात. तीस-पस्तीस हात लांब, लाकडी घोड्यांवर पेललेला. दोन्ही बाजूंनी माणसे मोठाले कुंचे घेऊन खळ फिरवत या टोकाकडून त्या टोकाकडे जातात; बायका मधे उभ्या राहून तुटलेले धागे सांधतात. एकदा सूत ओले झाले की कुणी हात काढून घ्यायचा नाही. मधेच सोडले तर सूत एकमेकाला चिकटते आणि सगळा ताणा वाया जातो. पाजणी चालू असताना घरात मूल रडले तरी आई जात नाही.

त्या दिवशी एका बाजूला बाबूलाल होता आणि दुसऱ्या बाजूला भैयाजी. रुख्माबाई आणि वच्छला मधे धागे सांधत होत्या. ईश्वरकडे टोकाच्या खुंटीचे काम होते. सूत भिजले की ढिले पडते, तेव्हा दोर ओढून धरायचा. खुंटीशी बसून त्याने दोर डाव्या हाताला दोन वेढे देऊन गुंडाळला. आता त्यालाही जाता येणार नव्हते. उजव्या हाताने त्याने सदऱ्यातून वही काढली, गुडघ्यावर ठेवली, उलटी केली. पूर्वेकडे नुकते उजाडत होते. अक्षर दिसण्यापुरता उजेड होता.

"बाबा, मी वाचतो," तो म्हणाला.

"आता? काल तं डोकं दुखत होतं."

"आताच वाचतो. हे मागच्या बाजूचं हाय. हे खरं हाय. पुढचं सगळं मी मनानं लिहिलं होतं."

आणि दुसरे कुणी काही बोलायच्या आत त्याने सुरुवात केली. 'आज हजेरीच्या वेळी माझा आवाज निघाला नाही.' पान उलटायला त्याला दुसरा हात मोकळा नव्हता, म्हणून तो हनुवटीने पान दाबायचा आणि अंगठ्याने उलटायचा. जुलै संपला. ऑगस्ट संपला. खांब आला, जिन्यामागची पायरी आली, 'लुगडं' आले. कुंच्यांचा ओला आवाज तेवढा चालू होता. पहिल्यांदा कुंचा थांबला तो भैयाजीचा.

"म्हंजे तू त्या कवितेच्या दिवशी उठलाच नाही?"

"नाही, काका."

"अन् एकसष्ट?"

"एकोणीस."

"बाप्पा," भैयाजी म्हणाला. "मी एकोणीसच्या बिड्या वाटल्या."

"भैयाजी, कुंचा फिरव," बाबूलाल म्हणाला. "सूत सुकून राहिलं."

भैयाजीने कुंचा फिरवला. बाबूलाल आपल्या बाजूने खाली मान घालून चालत होता. त्याचा चेहरा ईश्वरला दिसत नव्हता. तो टोकापर्यंत गेला, परत फिरला आणि खुंटीजवळ आल्यावर त्याने हळूच विचारले, "अन् ते छत्रीचं?"

"छत्री खरी हाय, बाबा."

"खिळ्यावरून काढते ते?"

"ते बी खरं हाय."

बाबूलालने मान हलवली आणि पुन्हा चालू लागला. मग मधून रुख्माबाईने विचारले, "मंग तू डबा कोणासंग खाते?"

याचे उत्तर आताच वाचून झाले होते. तरी तिने विचारले होते, म्हणून ईश्वरला ते तोंडाने सांगावे लागले.

"एकटाच, माय."

रुख्माबाईच्या बोटांत एक तुटलेला धागा होता. ती तो बराच वेळ सांधत राहिली.

"पुढचं वाचा, भाऊ," वच्छला म्हणाली.

त्याने पुढचे वाचले. डिसेंबर वाचला. शुक्रवारची यादीही वाचली. संपले तेव्हा छपरांवर ऊन आले होते आणि ताणा पाजून होत आला होता. भैयाजी कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "आता मी उमरेडवाल्यायले काय सांगू? हा पोट्टा असून याले तिथं आवाज निघत नाही. तू तं पोट्टी जात. तुही काय गत होईन, वच्छले?"

वच्छलाने धागा दातांनी तोडला. "बाबा, खरं सांगू? मी रविवारी त्यायले हो म्हणणार होती."

"काहून?"

"रोज ऐकून ऐकून मले भेव वाटे. कालेज म्हंजे उभं राहून धाडधाड बोलाचं, सगळ्यायनं व्हेरी गुड म्हणाचं. मले वाटे, आपल्याच्यानं हे होणार नाही. ईश्वरभाऊ येगळेच हायेत." ती क्षणभर थांबली. "आज वाचलं ते ईश्वरभाऊ मले माहीत हायेत. लहानपणापासून पाहून राहिली मी त्यायले. दहातले तीन वाक्य समजले, तरी दुसऱ्या दिवशी जाऊन बसाचं. एवढं मले जमते."

"अन् लोकं हसले तं?"

"हसतात तं हसू द्या. भाऊले हसले, भाऊ गेलेच नं दुसऱ्या दिवशी? डबा घेऊन?"

भैयाजीने ईश्वरकडे पाहिले. हातावर दोराचे लाल वळ उठले होते आणि तो वेढे सैल करायचेही विसरला होता.

"एक सांग," भैयाजी म्हणाला. "सहा महिन्यात किती दिवस घरी राहिला तू?"

"एक बी नाही."

"हं," भैयाजी म्हणाला. मग त्याने पुन्हा कुंचा उचलला. पाजणी संपली तेव्हा सगळ्यांनी मिळून ताणा सोडून गुंडाळला. गुंडाळून झाल्यावर बाबूलालने खळीचे हात धोतराला पुसले, ईश्वरच्या गुडघ्यावरची वही उचलली आणि दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिली. त्याला दोन्हीकडचे सारखेच दिसत असणार. मग त्याने ती मागची बाजू वर करून ईश्वरच्या हातात दिली.

"आजपासून इकडून वाचत जा," तो म्हणाला. "अन् सोमवारी त्या छत्रीवाल्याकडे जा. तू होता तिथं, ते सांग त्याले. मी येऊ का संग?"

"नको," ईश्वर म्हणाला.

सोमवारी तो एकटा गेला. हरकरेंच्या खोलीत गेल्यावर त्याला पुन्हा शब्द सापडेनात, पण आता वही होती. त्याने ती मागून उघडून टेबलावर ठेवली. हरकरे आधी उभ्याने वाचत होते, मग खुर्चीत बसले. कोणत्या दिवशी कोणता धडा झाला, कुठे ते अडखळले, कोणत्या दिवशी छत्री काढली आणि कोणत्या दिवशी काढली नाही, सगळे तारखेवार होते. वाचून झाल्यावर ते उठले, रिकाम्या वर्गात गेले आणि खांबामागच्या बाकावर जाऊन बसले. ईश्वर दारात उभा होता.

"इथून फळा अर्धाच दिसतो," ते म्हणाले.

"हो सर."

"आणि मी दिसतो?"

"छत्री काढली की दिसता सर."

हरकरे हसले. त्यांनी हजेरी दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशीपासून आवाज निघत नसेल तर हात वर करायचा, खांबाच्या बाहेर दिसेल असा, एवढे त्याला सांगितले. तेव्हापासून ते एकोणसाठ नंबराला मान वर करायचे. एप्रिलच्या परीक्षेत ईश्वरला इंग्रजीत शंभरात सदतीस मिळाले. काठावर का होईना, पास झाला. हा आकडा वहीत एकाच ठिकाणी लिहिलेला आहे.

उमरेडवाल्यांना भैयाजीने सांगितले, दोन वर्षे थांबा. ते थांबले नाहीत. त्यांनी पवनीची मुलगी केली. भैयाजीने चार दिवस बाबूलालशी बोलणे टाकले, पाचव्या दिवशी काडेपेटी मागायला आला आणि बसला.

चोपन्नच्या जुलैत वच्छला कॉलेजात गेली. पहिल्या दिवशी ती परतली तेव्हा आधीच घरी आलेला ईश्वर तिच्या जागी चरख्यावर बसून कांड्या भरत होता आणि त्या सारख्या वाकड्या होत होत्या. बाबूलालने माग थांबवला. भैयाजी उंबऱ्यावर होता.

"काय झालं वं?" रुख्माबाईने विचारले.

"खांब पाहिला," वच्छला म्हणाली. "भाऊनं लिहिला त्याच्याहून जाड हाय."

"अन् हजेरीले?" भैयाजीने विचारले.

"सांगते. लिहून आणलं मी." तिने पिशवीतून नवी वही काढली आणि पहिले पान उघडले.

"थांब," बाबूलाल म्हणाला. तो मागाच्या खड्ड्यातून उठून आला, त्याने तिच्या हातातली वही घेतली, उलटी केली आणि मागची पाने एकेक करून पाहिली. सगळी कोरी होती. त्याने वही सुलटी करून तिला परत दिली.

"हं. आता वाच."